दाखले तीन, मुलगा एकच

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. घराणे चार-पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून बडोद्यास येऊन गायकवाडी चाकरीत स्थिरावलेले. स्वतः ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, त्यालाही आता पंधरा-सोळा वर्षे लोटली. साऱ्या गल्लीचे ते नाना. परवा दिवेलागणीच्या सुमारास नाना एक फाईल काखेत मारून आले आणि आमच्या ओट्यावर बसले. फाईल उघडून त्यांनी तीन कागद आमच्यापुढे मांडले. ते त्यांच्या नातवाचे शाळा सोडल्याचे दाखले होते. पहिला तिसरीतला, दुसरा पाचवीतला, तिसरा सातवीतला. शाळा तीन निराळ्या. पण तिन्ही दाखल्यांवर वर्तणुकीच्या रकान्यात गुजरातीत 'सारी', म्हणजे चांगली, असाच शेरा. आणि शाळा सोडण्याचे कारण 'पालकांची विनंती'.

नाना म्हणाले, "पाहा, दाखले तीन, मुलगा एकच. वर्तणूक चांगली होती, तर तिघांनीही त्याला का घालवला? आणि विनंती म्हणाल, तर ती आम्ही केलीच नाही; ती आमच्याकडून लिहून घेतली. तुम्ही आपणहून काढून नेलात तर मुलाच्या नावाला बट्टा लागणार नाही, असे प्रत्येक ठिकाणी गोड शब्दांत सांगितले."

नातू नुसता खोडकर नाही, हे नानाही नाकारीत नाहीत. लहान मुलांच्या डब्यातले खाणे आणि खिशातले पैसे तो धाकाने काढून घेई. खोटे इतक्या सहजपणे बोले की, ऐकणाऱ्याला आपल्याच कानांचा संशय यावा. एकदा त्याने खालच्या वर्गातील एका मुलाला जिन्यावर ढकलले व त्या मुलाचा दात पडला. "त्या दिवशी तो घरी आला," नाना सांगत होते, "हातपाय धुतले, आणि एक पोळी जास्तच मागून घेऊन पोटभर जेवला. मारामारीचे मला भय वाटले नाही हो. मारामाऱ्या आम्हीही केल्या. भय वाटले ते त्या जेवण्याचे."

नानांचे हे बोलणे आमच्या मनातून जात नाही. आज घरोघरी जी चर्चा चालू आहे, तिचे मर्म त्यात आहे असे आम्हांस वाटते. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अहमदाबादेत एका शाळेबाहेर दहावीतील एका विद्यार्थ्यास भोसकण्यात आले व त्यात त्याचा अंत झाला. आरोप त्याच शाळेतील आठवीच्या मुलावर. दुसऱ्या दिवशी संतप्त जमावाने शाळेत शिरून मोडतोड केली. साऱ्या गुजरातेतील पालक हादरले. तेव्हापासून दप्तरे तपासा, कॅमेरे बसवा आणि 'असल्या' मुलांना शाळेतून हाकला, हेच उपाय ज्याच्या त्याच्या तोंडी आहेत. त्या एका मुलाविषयी काही बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही; ते काम कायद्याने नेमलेल्या बाल न्याय मंडळाचे आहे. परंतु 'असली मुले' म्हणजे कोणती, आणि त्यांना हाकलल्याने काय साधते, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

खोडकर, वांड आणि निर्ढावलेला

आपल्या भाषेत मुलांच्या दुर्वर्तनाला शब्दांची वाण नाही. खोडकर, व्रात्य, वांड, उनाड, आडदांड, उपद्व्यापी असे किती तरी शब्द आपण दिवसभर वापरतो, आणि त्यांच्या छटा कोणत्याही आजीला नेमक्या ठाऊक असतात. पहिल्या दोन शब्दांत थोडे कौतुक आहे. पुढच्यांत काळजी आहे. पण या सर्वांच्या पलीकडचा एक शब्द आहे, तो म्हणजे निर्ढावलेला. दुसऱ्याला लागले तरी ज्याला काही लागत नाही, पकडले गेल्यावर जो ओशाळत नाही, शिक्षेनेही ज्याचा चेहरा बदलत नाही, तो निर्ढावलेला. नानांना भय वाटले ते याचे.

मानसशास्त्रज्ञही हाच भेद करतात. नियम मोडणे, दांडगाई, चोरी, क्रौर्य यांची ज्याला सवयच जडली आहे, अशा मुलाच्या स्थितीला ते वर्तनविकार म्हणतात. आणि २०१३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आपली विकारसूची सुधारली, तेव्हा या मुलांपैकी ज्यांच्या ठिकाणी पश्चात्ताप व सहानुभूती अत्यल्प दिसते, त्यांची वेगळी नोंद करण्याची सोय केली. मात्र त्याच सूचीत एक कडक अटही आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्व हे निदान अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी कोणाच्याही नावापुढे लिहावयाचे नाही. बारा वर्षांच्या मुलाचे व्यक्तिमत्त्व घडत असते, घडून चुकलेले नसते, हे त्या अटीमागील कारण. डॉक्टर जो शब्द लिहिण्यास कचरतात, तो आपल्या शाळांच्या शिक्षकदालनात चहाच्या कपाबरोबर सहज उच्चारला जातो. "हा पुढे गुंडच होणार" हे भाकीत आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि कदाचित केलेही आहे.

हे भाकीत कितपत खरे ठरते? अमेरिकेतील सेंट लुइस शहरी ली रॉबिन्स या विदुषीने एका बालमार्गदर्शन केंद्रात पूर्वी आणल्या गेलेल्या ५२४ मुलांचा सुमारे तीस वर्षांनंतर माग काढला व १९६६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तिचा निष्कर्ष दुहेरी आहे आणि त्याची दोन्ही टोके ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. प्रौढपणी जे समाजविघातक निघाले, ते बहुतेक सर्व लहानपणीही तसेच होते. पण लहानपणी जे तसे होते, त्यांतील बहुसंख्य मोठेपणी तसे राहिले नाहीत. म्हणजे शिक्षकाची काळजी अनाठायी नाही. त्याचे भाकीत मात्र खरे होण्यापेक्षा खोटे होण्याचाच संभव अधिक.

पुढे न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचे आयुष्य संशोधकांनी वर्षानुवर्षे न्याहाळले. त्या कामाच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दाखवून दिले की, बिघडलेली म्हणून दिसणारी मुले दोन जातींची असतात. एक मोठा वर्ग वयात येताना बिघडतो, मित्रांच्या नादी लागतो आणि नोकरी, संसार अंगावर पडला की बहुधा मार्गावर येतो. दुसरा लहान वर्ग पाच-सहा वर्षांच्या वयापासूनच दांडगाई करतो. त्याच्यामागे पुष्कळदा बोलण्यातली वा शिकण्यातली अडचण, घरातील मारझोड, आईबापांची विवंचना अशी साखळी असते, आणि ती वेळीच तुटली नाही तर आयुष्यभर त्याला ओढीत नेते. चौदाव्या वर्षी दोघेही सारखेच दिसतात. फरक कळतो तो, सहाव्या वर्षी हा मुलगा कसा होता हे ज्याला आठवते, त्यालाच. आणि ज्या मुलाची दर दोन वर्षांनी शाळा बदलते, त्याचे सहावे वर्ष कोणत्याच शिक्षकाला आठवत नाही.

छडी, दाखला आणि मागचा बाक

अशा मुलाला आपल्या शाळा आजवर तीन प्रकारे उत्तर देत आल्या आहेत.

पहिले उत्तर छडीचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस बंदी केली आहे. तरीही "आमच्या वेळी मास्तरांनी बडवले म्हणून आम्ही सरळ राहिलो" असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना आमचे इतकेच सांगणे की, छडीने सरळ झाले ते बहुधा छडीवाचूनही सरळ झाले असते. मास्तर रागावले तरी ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याच्यावर छडी चालते. जो निर्ढावला आहे, त्याच्यावर ती चालत नाही. पॉल फ्रिक यांच्यासारख्या संशोधकांनी अशा मुलांविषयी दाखविले आहे ते हेच की, शिक्षेच्या भयाचा त्यांच्यावर परिणाम कमी होतो. छडीपासून ते एकच धडा घेतात, तो हा की, ज्याच्या हाती बळ त्याने दुसऱ्याला मारावे. तो धडा त्यांना आधीच पाठ असतो.

दुसरे उत्तर दाखल्याचे. त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ साली या कलमात दुरुस्ती होऊन पाचवीत व आठवीत मुलाला नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण काढून टाकण्यावरील बंदी जशीच्या तशी राहिली. कायद्याने दार असे बंद केल्यावर काही शाळांनी खिडकी शोधली. ती खिडकी म्हणजे 'पालकांची विनंती'. कोठे कोठे आठवीपर्यंत दात-ओठ खाऊन सांभाळावयाचे आणि नववीच्या तोंडाशी दाखला हातात द्यावयाचा, असेही चालते. वर्तणूक 'चांगली' असे लिहिण्यात दयाबुद्धी असेलही; पण त्यामुळे पुढच्या शाळेला काहीच कळत नाही, आणि मागच्या शाळेत जे थोडेबहुत उमगले होते ते तेथेच राहते.

हाकलण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला तो अमेरिकेने. १९९४ साली तेथे कायदा झाला की, शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास किमान एक वर्ष शाळेबाहेर ठेवावे. हेतू रास्त होता. पण त्याच्या आगेमागे 'गय करावयाची नाही' हे धोरण पसरत गेले व किरकोळ उद्दामपणालाही तीच शिक्षा मिळू लागली. पुढे तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेने नेमलेल्या समितीने या धोरणाची छाननी केली व २००८ साली आपला अहवाल छापला. या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा समितीस आढळला नाही. उलट, ज्यांना शाळेतून तात्पुरते काढले, त्यांचे वर्तन पुढे अधिकच बिघडण्याकडे कल दिसला. यात नवल नाही. ज्याला शाळा आवडत नाही, त्याला शाळेतून सुटी देणे ही शिक्षा की बक्षीस?

तिसरे उत्तर मागच्या बाकाचे. सर्व दांडगी मुले एका बाकावर, एका तुकडीत किंवा एका वसतिगृहात कोंबावयाची. "बोर्डिंगात टाकतो, म्हणजे कळेल" ही धमकी आपल्या घरांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या उपायाचा फोलपणा दाखविणारी हकीकत अमेरिकेतील केंब्रिज व सॉमरव्हिल या गावांची आहे. तेथे १९३९ ते १९४५ या काळात शेकडो मुलांना समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे असे सर्व साहाय्य सढळ हाताने देण्यात आले आणि तितक्याच मुलांना तुलनेसाठी त्याविना ठेवण्यात आले. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्यांची चौकशी केली, तेव्हा साहाय्य मिळालेली मुले इतरांपेक्षा सुधारलेली तर नव्हतीच, काही बाबतींत मागे पडलेली होती. बारकाईने पाहता दिसून आले की, अधिक वाईट निष्पत्ती प्रामुख्याने पुन्हा पुन्हा उन्हाळी शिबिरांना गेलेल्या मुलांची होती. मोठ्यांची नजर बाजूला झाली की ही मुले एकमेकांना आपले पराक्रम सांगतात, आणि त्यांवर होणारे हसणे हेच त्यांचे बक्षीस ठरते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

बडोदेकरांना हे निराळ्या वाटेने पूर्वीच ठाऊक होते. जुन्या घरांतून हाताबाहेर चाललेल्या मुलाला तालमीत घालण्याची रीत होती. जुम्मादादांच्या व्यायामशाळेचे आणि प्रो. माणिकरावांचे नाव ज्या घरात निघत नाही असे जुने मराठी घर या शहरात विरळा. केवळ जोरबैठकांनी स्वभाव पालटतो असे आम्ही म्हणत नाही. पण तालमीत एक गोष्ट आपोआप साधत असे. तेथे नुसती दांडगी मुले नसत. शाळेत पहिला येणारा, हाडकुळा, भित्रा, आडदांड, सारे एकाच मातीत उतरत, आणि त्या सर्वांवर वस्तादांची नजर असे. गुंडाची संगत गुंडाशीच लावून देण्याचा शहाणपणा त्या काळी कोणास सुचला नव्हता.

सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ

या शहरात हा प्रश्न विचारताना आणखी एका गोष्टीचे स्मरण ठेवणे प्राप्त आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या विधिमंडळात आपले शिक्षणविधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचाच दाखला त्यांच्यापुढे होता. आपण या गोष्टीचा अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. पण सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ आपण अर्धाच घेतो. सक्ती पालकावर आहे, तशी ती शाळेवरही आहे. जोवर शाळा मूठभरांसाठी होती, तोवर तिने मुले निवडावीत व नको ती परत पाठवावीत, हे चालण्याजोगे होते. ज्या दिवशी राज्याने "प्रत्येक मूल शाळेत आले पाहिजे" असे म्हटले, त्या दिवशी वांड मूलही शाळेचे झाले. सरकारी इस्पितळाने जसे "हा रोगी फार आजारी आहे, याला नेऊन टाका" असे म्हणता कामा नये, तसेच हे आहे.

आणि शिक्षण व मनाचा अभ्यास यांची सांगड घालण्याचा विचारही या प्रांताला नवा नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले, आणि आपल्या ताराबाई मोडकांनी तेथे जाऊन त्यांच्या जोडीने काम केले. मारल्यावाचून, भिववल्यावाचून मूल शिकते, हे त्या दोघांनी शंभर वर्षांपूर्वी गुजरातीत आणि मराठीत सांगितले. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर शिक्षण आणि मानसशास्त्र यांची विद्याशाखाच एक आहे. तेव्हा साधने दूर नाहीत.

जे उपयोगी पडले

मग अशा मुलासाठी शाळेने करावे तरी काय? येथे आम्ही एका अगदी साध्या प्रयोगाची हकीकत सविस्तर देतो, कारण तिला खर्च जवळजवळ काहीच नाही.

अमेरिकेतील कॅन्सास राज्यात एका शिक्षिकेच्या चौथीच्या वर्गात फार गोंधळ होत असे. तिने दोघा संशोधकांच्या साहाय्याने वर्गाचे दोन गट पाडले. परवानगीवाचून जागा सोडणे, मध्येच बोलणे असे मोजके नियम ठरले. गटातील कोणी नियम मोडला की फळ्यावर त्या गटापुढे एक रेघ. ज्याच्या रेघा कमी, तो गट जिंकला. आणि दोघांच्याही रेघा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही गट जिंकले. बक्षिसे तरी काय? छातीवर लावावयाची फीत, नावापुढे तारा, जेवणाच्या सुटीत रांगेत पुढची जागा, दिवसाच्या शेवटी थोडा मोकळा वेळ. गोंधळ झपाट्याने कमी झाला. हा प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध झाला आणि 'सद्वर्तनाचा खेळ' या अर्थाच्या नावाने पुढे अनेक देशांत गेला.

त्याचे खरे मोल कळले ते बाल्टिमोर शहरात. तेथे १९८५ साली पहिलीच्या वर्गांत हा खेळ सुरू करण्यात आला. गट पाडताना दांडगी, बुजरी आणि साधी मुले सर्व गटांत समप्रमाणात वाटली. दांडग्यांचा वेगळा गट केला नाही. शेपर्ड केलम यांनी ही मुले एकोणीस ते एकवीस वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. पहिलीत जी मुले सर्वांत आडदांड होती, त्यांच्यातच या खेळाचा परिणाम सर्वांत ठळक दिसला. व्यसनाधीनता कमी, आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान होण्याचे प्रमाणही कमी. सहा वर्षांच्या वयात फळ्यावर मारलेल्या रेघांचा हा एवढा लांबचा परिणाम. त्यात एक इशाराही आहे. पुढच्या वर्षी नवीन मुलांवर हाच खेळ करताना शिक्षकांना मार्गदर्शन कमी मिळाले, आणि परिणामही फिका पडला. तात्पर्य, परिपत्रक काढून हे होणारे नाही. वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईंच्या पाठीशी कोणी तरी उभे राहिले पाहिजे.

यातून तीन गोष्टी निघतात. उपाय लवकर करावा, म्हणजे नववीत नव्हे तर पहिली-दुसरीत. निर्ढावलेल्या मुलाला शिक्षेपेक्षा बक्षिसाची भाषा अधिक कळते. म्हणून त्याचे अपराध मोजण्याइतक्याच दक्षतेने त्याचे चांगले क्षणही टिपावेत. आणि त्याला चांगल्या मुलांतच ठेवावे, पण मोठ्यांच्या नजरेखाली. चौथी गोष्ट घरची. पालकांना शाळेत बोलावून केवळ तक्रारींचा पाढा वाचल्याने बाप घरी जाऊन मुलाला बदडतो, एवढेच होते. त्याऐवजी, घरी कोणते दोन नियम पाळावयाचे, ते मोडल्यास कोणती सवलत बंद करावयाची आणि पाळल्यास काय द्यावयाचे, हे शाळा व घर यांनी एकत्र ठरवावे. घरातील माया वाढली तर असा कोरडेपणा काही अंशी ओलावतो, असेही अभ्यासात दिसून आले आहे. 'लाड' आणि 'माया' यांतील फरक आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

मार खाणाऱ्याची बाजू

येथवर वाचून एखादी माता रागाने म्हणेल, "ज्याचा दात पडला, त्याचे काय?" तिचा राग अगदी न्याय्य आहे. वांड मुलाला शाळेत ठेवणे म्हणजे त्याला मोकाट सोडणे असा अर्थ कोणी करील, तर तो पन्नास मुलांवर अन्याय होईल. ज्या मुलाला रोज डबा द्यावा लागतो, तो घरी सांगत नाही. त्याचे पोट दुखते, तो शाळेत जावयास नको म्हणतो, आणि आपण त्यालाच आळशी ठरवितो.

म्हणून शाळेने सर्वप्रथम मार खाणाऱ्याचे रक्षण केले पाहिजे. जिना, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, बसची मागची जागा, या ठिकाणी बहुतेक छळ होतो. तेथे शिक्षकाची नजर हवी. दोघांना काही काळ वेगळे ठेवावे लागले तर ते ठेवावे, पण हलवावयाचे झाल्यास मारणाऱ्याला हलवावे, मार खाणाऱ्याला नव्हे. झालेल्या गोष्टीची लेखी नोंद व्हावी, दोन्ही घरांना ती सांगितली जावी, आणि नुकसान भरून देण्यात दोषी मुलाचा स्वतःचा काही तरी वाटा असावा. हत्यार किंवा गंभीर इजा असेल तर पोलिसांस व बाल न्याय मंडळास कळविण्यात हयगय होता कामा नये. कायदा त्यासाठी आहे आणि तो लेचापेचाही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा वर्षांवरील मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर प्राथमिक तपासणीनंतर त्याचा खटला प्रौढांप्रमाणेही चालू शकतो. पण त्याच कायद्यात असेही तत्त्व आहे की, बालकासंबंधीच्या कामकाजात दोषारोप करणारे, कलंक लावणारे शब्द वापरू नयेत. कठोर प्रक्रिया आणि सौम्य शब्द हे दोन्ही एकाच कायद्यात नांदू शकतात, तर एका शाळेत का नांदू नयेत?

आमच्या मते शाळांचे सर्वांत मोठे पाप छडी नव्हे, दाखलाही नव्हे. ते मौन आहे. 'शाळेचे नाव खराब होईल' म्हणून पहिली ढकलाढकली लपवावयाची, दुसरी मिटवावयाची, आणि तिसरीच्या वेळी एकदम दाखला काढावयाचा. मधल्या काळात दोन्ही मुलांशी कोणी बोललेले नसते.

बोलणार तरी कोण, हाही प्रश्न आहे. साठ मुलांचा वर्ग, पाठोपाठ तास, वर परीक्षा आणि सरकारी नोंदी, यांत शिक्षकाने कोणाकोणाच्या मनात डोकावावे? २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात निर्देश देताना, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सांगितले. निर्देशाचे निमित्त निराळे होते. पण स्वतःला इजा करणारा आणि दुसऱ्याला इजा करणारा, हे दोघेही त्याच एका खोलीत यावयाचे आहेत. ती खोली कागदावर राहते की प्रत्यक्ष उघडते, हे पाहणे पालकांच्या हाती आहे.

आपण काय करावे

आमचा वाचकवर्ग बहुतांशी अशा घरांतला आहे की, ज्या घरांत शिक्षक, मुख्याध्यापक, शिक्षणखात्यातील अधिकारी किंवा शाळांच्या मंडळांचे सभासद पूर्वी होते व आजही आहेत. त्यांच्यापाशी एक विनंती. पुढच्या पालकसभेत गुणांची व सहलीची चर्चा झाल्यावर उठून तीन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन वर्षांत किती मुले 'पालकांच्या विनंतीवरून' शाळा सोडून गेली? मार खाणाऱ्या मुलाने कोणापाशी जावयाचे, त्या व्यक्तीचे नाव मुलांना ठाऊक आहे काय? आणि पहिली-दुसरीच्या शिक्षिकांना दांडग्या मुलांस हाताळण्याचे शिक्षण कोणी दिले आहे काय? हे प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. उत्तरे मिळाली नाहीत, तर पुढच्या सभेत ते पुन्हा विचारावेत.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतली. आपला मुलगा दांडगाई करतो हे कळले की आपण पहिली धाव शाळेकडे घेतो ती त्याला पाठीशी घालावयास. कुळाच्या अब्रूचा प्रश्न होतो. ओळखीचा माणूस शोधला जातो. वकिलाची भाषा सुरू होते. नानांच्या चिरंजिवांनीही पहिल्या शाळेत हेच केले होते, आणि नाना आज ते मोकळेपणाने कबूल करतात. "आम्ही तेव्हा त्याचा दोष झाकला," ते म्हणाले, "त्यांनी त्याला झाकून बाहेर काढला. दोघांनी मिळून मुलाला एकच शिकवले, की झाकले म्हणजे झाले."

नातू सध्या चौथ्या शाळेत, आठवीत आहे. तेथील बाईंनी प्रवेशाच्या दिवशीच नानांना सांगितले की, मला तिन्ही शाळांत खरोखर काय घडले ते सांगा, नाही तर मी याला सांभाळू शकणार नाही. नानांनी सर्व सांगितले, जेवणाची गोष्टसुद्धा. त्या दिवसापासून मुलाच्या दप्तरात एक शंभर पानी वही असते. रोज शाळा सुटताना वर्गशिक्षिका त्यात दोन ओळी लिहितात. एक ओळ चुकलेल्या गोष्टीची आणि एक बरोबर केलेल्या गोष्टीची. दुसरी ओळ रिकामी ठेवावयाची नाही, असा त्यांचा स्वतःलाच दंडक आहे. घरी रात्री नाना त्याखाली सही करतात. मुलगा एकदम सज्जन झाला आहे असे नाही. गेल्या महिन्यात त्याने पुन्हा एकाची सायकल पाडली. पण त्या सायकलीचे मडगार्ड त्याने स्वतः, ज्याची सायकल त्या मुलाबरोबर दुकानात जाऊन, आपल्या खाऊच्या पैशांतून सरळ करून आणले. ते दोघे परतताना काय बोलले, हे कोणास ठाऊक नाही. त्या रात्री तो कमी जेवला, असे नानांनी सांगितले; आणि ते सांगताना म्हातारा माणूस हसत होता.

नाना उठले, फाईल पुन्हा काखेत मारली. चौथा कागद तीत अजून आलेला नाही.